सोनघळला मारलेली हाक

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष माननीय यशोवर्धनजी, प्रमुख पाहुण्या आणि निवृत्त खगोलशास्त्रज्ञ डॉ. वासंतीताई, ज्यांना आज आपण पुण्याला पाठवतो आहोत ते विज्ञानकथाकार श्रीरंगराव, आणि शनिवारची सकाळ मोडून, यशवंतपूरपासून सर्जापूर रोडपर्यंतचा ट्रॅफिक सोसून इथे आलेले माझे सगळे अण्णा, अक्का, मित्रमंडळी, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

मी नरसिंहराव. चिकपेटेत आमचं साड्यांचं दुकान. आमची मराठी तीनशे वर्षं इथल्या कानडी पाण्यावर वाढली, तेव्हा पुण्या-मुंबईच्या मंडळींनी स्वल्प सांभाळून घ्यावं.

मंडळाने मला विषय दिला आहे, 'विज्ञानकथाकाराला प्रेरणा कुठून मिळते?' साडीवाल्याला हा विषय का दिला, ते मंडळालाच ठाऊक! वासंतीताईंनी आत्ता दुर्बिणींबद्दल आणि दूरच्या ग्रहांबद्दल इतकं सुरेख सांगितलं की त्यानंतर मी तोंड उघडणं म्हणजे आगाऊपणाच. श्रीरंगराव स्वतः एका मुलाखतीत म्हणाले, की त्यांची नवी कादंबरी त्यांना रात्रीच्या आकाशाकडे बघताना सुचली. टाळ्या वाजवल्यात ना तुम्ही? मीही वाजवल्या. पण मला सांगा, चिकपेटेतून आकाश दिसतं का? वायरी दिसतात. ती कादंबरी सुचली आमच्या गच्चीवर, भर सकाळी, माझ्या पुतण्याच्या लग्नात. मी शेजारी उभा होतो.

हसू नका. मी गमतीने बोलत नाहीये.

आमचे पूर्वज सातारच्या बाजूच्या सोनघळ नावाच्या गावातून फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. ते गाव आमच्यापैकी कुणी पाहिलेलं नाही. का गेलो नाही? दुकान, सणवार, आज नको उद्या. पण घरात लग्न असलं की हळदीच्या आधी घरातली सगळ्यात मोठी बाई गच्चीवर जाते, उत्तरेला तोंड करते आणि हाक मारते, "सोनघळकर हो, आमच्याकडे लगीन आहे, सगळ्यांनी यावं!" मग सगळे गप्प. पोरंसुद्धा गप्प. ती कान देऊन उभी राहते. मनाला पटलं की म्हणते, "ऐकलं." मग जात्यावर हळद पडते. त्याआधी नाही.

गेली कित्येक वर्षं ही हाक माझी थोरली बहीण मारते. कृष्णवेणी अक्का. ती बघा, पहिल्या रांगेत बसली आहे. पुतण्याच्या लग्नात श्रीरंगराव पाहुणे होते. अक्काने हाक मारली तेव्हा यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी पाहिलं. नंतर अक्काने आग्रह करकरून यांना चिरोटी वाढली आणि यांनी तिला तासभर खोदून खोदून विचारलं. अक्का किती खूश! इतकी वर्षं आम्हाला कुणी काही विचारलं नव्हतं.

मग कादंबरी आली. दूरच्या ग्रहावर गेलेली माणसं, लग्नाआधी पृथ्वीला हाक मारणारी. त्यांच्यातली म्हातारी कान देऊन उभी राहते आणि म्हणते, "ऐकलं." आणि शेवटच्या प्रकरणात कळतं, की पृथ्वीवर शेकडो वर्षांपासून कुणीच नाही. म्हातारी खोटं बोलत होती.

कादंबरी उत्तम आहे. मी रडलो. हे मनापासून सांगतो, उगाच तोंडदेखलं नाही.

पण माझी नात रूपश्री ती रोज संध्याकाळी अक्काला वाचून दाखवत होती. शेवटचं पान झालं आणि अक्काने देवघरातला दिवासुद्धा लावला नाही. पुढच्या रविवारी श्रीरंगराव निरोप घ्यायला घरी आले, तेव्हा अक्काने सरळ विचारलं, "आमचं सोनघळ आहे का रे?" हे गृहस्थ खोटं बोलत नाहीत, त्याबद्दल मी यांना मानतो. म्हणाले, "अक्का, ते धरणाच्या पाण्याखाली गेलंय. तुमचं लग्न झालं त्या सुमारास." अक्का म्हणाली, "तू जाऊन बघितलंस?" तर म्हणाले, "नकाशावर." आणि फोन काढून तिला निळं पाणी दाखवलं.

श्रीरंगराव, तुम्हाला हे लिहिण्याआधी ठाऊक होतं. माझ्या बहिणीचं गाव बुडालं हे तुम्ही अख्ख्या महाराष्ट्राला आधी सांगितलंत आणि तिला शेवटी. याचा मला राग आहे. 

अध्यक्षमहाराज, चिठ्ठी मिळाली. 'आवरतं घ्या' म्हणताय. आज मी आवरणार नाही, क्षमा असावी.

उद्या सकाळी रूपश्रीची हळद आहे. मांडव पडला, पाहुणे उतरले, आचारी आले. आणि अक्का म्हणते, "मी हाक मारणार नाही. पाण्याला हाक मारू? इतक्या पोरींच्या लग्नात मी 'ऐकलं' म्हणाले. तिकडे कुणी होतं का? मी खोटं बोलले." रूपश्री म्हणते, आज्जीने हाक मारल्याशिवाय मी पाटावर बसणार नाही. दोघींनी काल दुपारपासून अन्नाला हात लावलेला नाही. मुलाकडच्यांना अजून काही सांगितलेलं नाही, आणि ते या सभागृहात कुणी बसले असतील तर आता कळलंच. माझा मुलगा पवनकुमार तुमच्यापैकी अनेकांसारखाच कंप्युटरवाला. तो म्हणाला, मागच्या लग्नातलं रेकॉर्डिंग आहे, तेच स्पीकरवर लावू. अक्का म्हणाली, "मग नवरी पण मागचीच बसवा."

मी दोन दिवस तिच्यापुढे हात जोडले. तिचं एकच, कुणी असेल तर हाक, नाही तर नाही.

म्हणून मंडळाने दिलेला हा विषय मी घेतला. प्रेरणा कुठून मिळते ते आपण बोललो. प्रेरणा घेतल्यावर त्या घराचं काय करायचं, हे कोण बोलणार? मला माफी नको. पुढच्या आवृत्तीत आभाराची ओळ तर मुळीच नको. तुमचं सामान ट्रकने गेलं आहे. तुम्ही सोमवारी गाडीने निघणार. सोनघळचं पाणी त्या हायवेपासून फार आत नाही, हे तुम्हीच नकाशावर दाखवलंत. माझं मागणं एवढंच आहे, की आजच निघा. उद्या सकाळी त्या पाण्याच्या काठावर उभे राहा. माझी बहीण हाक मारेल तेव्हा त्या बाजूला एक तरी माणूस असू दे.

हो की नाही, ते इथेच सांगा. सगळ्यांसमोर.

काय म्हणालात? माइक घ्या ना. बरं, मीच सांगतो. हे विचारतायत, "अक्का, मी तुमच्या गावचा नाही. मी उभा राहिलेलो चालेल का?"

अक्का, बोल. तूच बोल.

अक्का म्हणते, "आम्ही तरी आता कुठले तिथले?" आणि म्हणते, "फोनबिन करू नको. नुसता उभा राहा. सरी, बरं, निघ आता, उशीर करू नको."

श्रीरंगराव, अहो! आत्ताच? जेवण तरी... बरं, बरं. मुग्धावहिनी, यजमानांच्या गाडीची किल्ली तुमच्याकडे आहे का? द्या त्यांना. तुम्हीही निघालात? उत्तम.

अध्यक्षमहाराज, सत्कारमूर्तीच चालले, तेव्हा आता मला थांबायलाच हवं. मंडळाने बोलायची संधी दिली, वासंतीताईंनी माझं हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं, तुम्ही कुणी उठून गेला नाहीत, सगळ्यांचे आभार. वयाने मोठा असलो तरी आज पायरी सोडून बोललो, कुणाचं मन दुखावलं असेल तर पोटात घाला. रूपश्री, रडू नको, अक्काला धरून घरी ने आणि दोघी आधी जेवा. आणि दाराजवळच्या मंडळींनो, जरा बाजूला व्हा. त्यांना उजाडायच्या आत लांब पोचायचं आहे.