टेटनांगरचा वास

बाबा : असं नाही. चिमटीत धरून काय कळणार? तळहातावर घे, दुसरा तळहात वर ठेव आणि रगड. जोरात.

लेक : रगडतेय. हात पिवळे झाले.

बाबा : ती पिवळी भुकटी म्हणजेच हॉप्सच्या या वाळक्या फुलांचा जीव. बाकी नुसता पाचोळा. बिअरला कडूपणा तिचा, वासही तिचाच. आता ओंजळ नाकाशी ने, डोळे मीट आणि सांग.

लेक : बाबा, बाळ आत्ताच झोपलंय. मी चहा प्यायला खाली आले होते, परीक्षा द्यायला नाही.

बाबा : लहानपणी याच गोण्यांवर लोळायचीस. एवढी परीक्षा चालेल. काय येतंय?

लेक : आधी ओलं गवत. मग एखादं पांढरं फूल असावं तसं काहीतरी. आणि मागून मिरी, अगदी पुसट.

बाबा : आणि कोरडी चहापत्ती?

लेक : हो, तीही आहे. टेटनांगर.

बाबा : शाब्बास. जर्मनीहून आपण मागवतो ती ही एकच जात. भांड्यात कधी टाकायची?

लेक : उकळी संपत आली की. आधी टाकली तर वास वाफेबरोबर उडून जातो. आणि कडूपणा हिच्यात मुळातच कमी. त्यासाठी तुम्ही दुसरे हॉप्स आधी टाकता.

बाबा : भडकपणा नाही हिच्यात. फिकट बिअरमध्ये गुपचूप असते. फोटोत मागच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या तुझ्या मावशीसारखी. कुणाचं लक्ष जात नाही, पण ती नसली की फोटो भकास.

लेक : मावशीला सांगते हं.

बाबा : सांग, खूश होईल. आता ही दुसरी पिशवी. हीसुद्धा टेटनांगरच. मागच्या खेपेला हीच वापरली.

लेक : ई! बाबा, ही कुठे ठेवली होती?

बाबा : का? काय येतंय?

लेक : नासलेलं चीज. भिजून तसेच राहिलेले मोजे. जुने पडलेत हे. पिशवीला भोक आहे बघा, आत हवा गेलीय.

बाबा : असेल थोडा. बाळंतपणानंतर बायकांचं नाक जरा जास्तच तिखट होतं.

लेक : थोडा? मला मळमळायला लागलं. तुम्हीच हुंगा ना. हं, घ्या... काय?

बाबा : ठीक आहे की.

लेक : ठीक? बाबा, माझ्याकडे बघा. मगाचपासून तुम्ही मला का विचारताय?

बाबा : शिकवतोय.

लेक : आल्यापासून रोज काहीतरी नाकाशी धरताय. परवा माल्ट, काल यीस्ट. मला वाटलं, उशिरा का होईना, लेकीला शिकवायची हौस आली. डोळे मिटा.

बाबा : कशाला?

लेक : मिटा म्हणते ना. नाकाशी काय धरलंय मी?

बाबा : ...हॉप्स.

लेक : काही नाही धरलेलं. माझे हात पाठीमागे आहेत.

बाबा : कळलं ना तुला.

लेक : कधीपासून?

बाबा : हिवाळ्यात तो ताप आला होता ना. ताप गेला, जाताना वास घेऊन गेला. वाटलं, येईल परत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वाट बघा. बघतोय.

लेक : आईला माहीत आहे?

बाबा : तिची भाजी करपली आणि मी म्हणालो, छान झालीय. तेव्हापासून ती माझ्याकडे जरा विचित्र नजरेनंच बघते.

लेक : आणि काकांना?

बाबा : धाकट्याला कुठल्या तोंडानं सांगू? यंत्रं त्याची, नाक माझं, एवढ्यावर हा कारखाना उभा केला आम्ही. नाक नाही म्हटल्यावर मी इथे कोण? बाटल्या पुसत बसू?

लेक : खाली टाकीत काय आहे, बाबा?

बाबा : याच पिशवीची बिअर.

काका : (जिन्यावरून) दादा, बाटल्या धुऊन झाल्या! भरायला घेतो मग.

लेक : सांगा त्यांना. नाहीतर मी सांगते.

काका : काय सांगा? दोघांची तोंडं अशी का? बाळ बरं आहे ना?

बाबा : बाळ बरं आहे. तू भरू नकोस. टाकी ओतून द्यावी लागेल.

काका : सगळी? काल तर म्हणालास, मस्त उतरलीय!

बाबा : हॉप्स जुने होते. मला कळलं नाही. मला कसलाच वास येत नाही आता. नाक फक्त चष्मा ठेवण्यापुरतं उरलंय.

काका : आणि हे तू माझ्यापासून लपवलंस?

बाबा : लपवलं.

काका : मी चाखली होती रे ती. कशीतरीच लागली. म्हटलं, दादा मस्त म्हणतोय, म्हणजे आपलंच काहीतरी चुकतंय.

बाबा : तुला एरवीही कांदा आणि कापूर सारखाच—

काका : आता थट्टा नको.

बाबा : बरं.

काका : नळ मी सोडतो. तू खाली येऊ नकोस.

बाबा : येतो ना. मी केलेली आहे ती.

काका : म्हणूनच नको म्हणतोय.

बाबा : आणि पुढच्या खेपेला दुसरा कुणी बघ. ज्याला वास येतो असा.

काका : ते बघू सावकाश.

बाबा : सावकाश नको, आजच बघ. नाहीतर मी पुन्हा 'वास उद्या येईल, परवा येईल' करत बसेन.

काका : ...बघतो. तू बस, दादा. पोरी, त्याला पाणी दे.

लेक : गेले काका. घ्या, पाणी प्या. असे हात चोळू नका, बाबा. एका टाकीचंच नुकसान झालंय.

बाबा : टाकीचं मला एवढं नाही गं.

लेक : मग?

बाबा : तू बाळाला घेऊन आलीस, माझ्या मांडीवर दिलंस. मी त्याच्या टाळूला नाक लावलं. तुम्ही सगळ्या बघत होतात. मग मी म्हणालो, 'वा'.

लेक : बाबा...

बाबा : कसा येतो गं? नुसतं गोड आहे म्हणू नकोस. नीट शोधून सांग.

लेक : कोमट आहे. दुधाचा... नाही, दूध नाही. ऊन लागलेल्या दुपट्यासारखा... तसाही नाही. थांबा हं... नाही सांगता येत, बाबा.

बाबा : राहू दे. तुझ्या वेळी तुझ्या आईनं विचारलं होतं. मलाही नव्हता सांगता आला.