अजिनाथने पारखलेलं ग्राफिक्स कार्ड

नाही, मला एक सांगा, साठी उलटलेल्या माणसाने कॉम्प्युटरवर गेम खेळू नये असं कुठे लिहिलंय? आख्ख्या राहात्यात माझी चेष्टा चाललीय. दूध आणायला निघालो की कुणीतरी विचारतंच, "काय शामकांत सर, आज किती मारले?" अरे, आयुष्यभर भूगोल शिकवला रे तुम्हाला, जरा तरी लाज... बरं, मी मागितलं काय होतं? रविवारचा एक तास!

तुम्हाला सांगतो, आमचा अनिमेष पुण्याला नोकरीला. फोन केला की, "बरा आहे, कामात आहे, ठेवतो." संपलं. बापाशी बोलायला पोरांना निमित्त लागतं हो, आणि ते आम्हाला सापडलं या गेममध्ये. त्याचाच इथे पडलेला जुना कॉम्प्युटर, त्यानेच शिकवलं. रविवारी संध्याकाळी तो तिकडून, मी इकडून, दोघं एका ओसाड बेटावर उतरतो, फोन शेजारी स्पीकरवर, आणि एकमेकांचा जीव वाचवत हिंडतो. मी ओरडतो, "अनिमेष, वायव्येला माणूस!" तो म्हणतो, "बाबा, डावीकडे म्हणा हो, वायव्य शोधेपर्यंत मी मेलो."

आणि एका रविवारी गेमच उघडेना. नवीन आवृत्ती आली म्हणे, त्यापुढे तुमचं ग्राफिक्स कार्ड जुनं झालं. म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात बसून पडद्यावर चित्र काढणारी जी वस्तू, ती आमची थकली. अनिमेष म्हणाला, "जाऊ द्या बाबा, आपण फोनवर बोलू की." बोललो ना पुढच्या रविवारी. "जेवलास?" "हो." "पाऊस?" "नाही." ठेवला. म्हटलं, असं नाही चालणार, कार्ड घ्यायचं. कुणाचं वापरलेलं का असेना, पण घ्यायचं.

आणि इथे मी माती खाल्ली. अजिनाथला सांगून बसलो. अजिनाथ म्हणजे आमचा शेजारी, पेरूची बाग आहे, पण खरा नाद बैलांचा. कुणाला बैल घ्यायचा असला की आधी अजिनाथला गाडीत घालतात. म्हणाला, "सर, वापरल्याली वस्तू हाय ना? मग तुमी तोंड उघडायचं न्हाई. मी बगतो." आणि आमची दमयंती स्वयंपाकघरातून, "न्या हो अजिनाथभाऊंना, तुम्हाला वांगी धड निवडता येत नाहीत." झालं.

सुप्याला कारखान्यात कामाला असलेला अंगद म्हणून एकजण, त्याने कार्ड विकायला काढलेलं. अजिनाथच्या पिकअपमधून राहात्याहून सुप्याला गेलो. रस्त्याविषयी मी काही बोलत नाही, अजून कंबर बोलतेय. अंगदने कार्ड पुढे केलं. अजिनाथने ते उलटं केलं, सुलटं केलं आणि हुंगलं. हुंगलं हो! मग विचारतो, "रातचं जुंपत हुतास का ह्याला?"

"हो काका, दिवसा कामावर असतो ना."

"बगा सर, रातचं राबलंय. इकतोस कशापायी?"

"लग्न ठरलंय. ती म्हणाली, एकतर हे राहील नाहीतर मी."

"कारण खरं हाय," अजिनाथ म्हणाला, आणि कार्ड चालवून बघायला बसला. अंगद पडद्यावर गोळ्या झाडतोय आणि हा मागे कार्डाच्या पंख्यापाशी हात धरून, धापतंय का बघतोय. मी मागितलं काय होतं? रविवारचा एक तास!

मग अजिनाथने खांद्यावरचं उपरणं काढून अंगदच्या हातावर टाकलं आणि खालून त्याची बोटं धरली. बैलबाजारात भाव असाच ठरतो ना, उपरण्याखाली, बोटांवर, तोंडाने एक अक्षर नाही. अंगदला काय ठाऊक? त्याला वाटलं, वडीलधारा माणूस लग्नाचा आशीर्वाद देतोय. तो सरळ पाया पडला. आता पाया पडलेल्याशी घासाघीस कशी करणार? अजिनाथने उपरणं परत खांद्यावर टाकलं. मागितली तेवढी किंमत दिली, वर आहेर केला, आणि तोही माझ्या खिशातून.

घरी आलो, कॉम्प्युटरचं कॅबिनेट उघडलं, तर कार्ड आत मावेना. बोटभर लांब! वास घेतला, धाप बघितली, लांबी कुणी मोजली? तर हा शांतपणे म्हणतो, "सर, बैल घेताना गोठा कोन मोजतं?" गेला, लोखंड कापायची करवत घेऊन आला आणि आतला रिकामा पत्र्याचा कप्पा सरळ कापून काढला. दमयंती म्हणाली, "झालं की पत्र्याचा कीस झाडून घ्या." कार्ड बसलं. झाकण मात्र परत लागलं नाही ते नाहीच.

पण चालू झालं! रविवारी बेटावर उतरलो तर काय, झाडांना पानं. आजवर मी हिरव्या ठोकळ्यांमागे लपत होतो हो. आणि वेग काय... "डावीकडे बाबा." "पळा." "गोळ्या घ्या." "पळा पळा." "जिंकलो बाबा, ठेवतो." ठेवलाच. पुढच्या रविवारी तेच. जिंकतोय धडाधड, आणि मला मेलं चैन पडेना. उठतोय, बसतोय, येरझारा घालतोय. काय चुकतंय?

मग लक्षात आलं. जुनं कार्ड अडकायचं. चित्र मधेच थिजायचं, मी म्हणायचो, "थांब रे," आणि तो बेटावर कुठल्यातरी भिंतीआड माझी वाट बघत बसायचा. बसून काय करणार? बोलायचा. साहेब छळतो. मेसचा डबा बंद केलाय. मनवा म्हणून एक मुलगी आहे, आईला इतक्यात सांगू नका. सगळं त्या अडकण्यात, बरं का! आणि मी एवढा सुप्याला जाऊन, हाडं खिळखिळी करून, नेमकं तेच दुरुस्त करून आणलं.

आता? आता कार्ड झकास चाललंय. अजिनाथ येताजाता हात धरून बघून जातो, म्हणतो, "गुनी निघालं." रविवारी आम्ही बेटावर उतरतो, थोडं पळतो. मग मी माउसवरचा हात काढतो आणि मांडीवर ठेवून देतो. समोर पानं हलत असतात, सगळं लख्ख दिसत असतं. फोनमधून आवाज येतो, "बाबा? परत अडकलं का?"

"अडकलं रे," मी म्हणतो. "बस जरा भिंतीआड. मनवा काय म्हणते?"