बाबुन्याचा काढा

झोपेच्या औषधाने झोप उडालेला माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी लोणावळ्याला नोकरीत असताना पाहिला. आमच्या स्टेशनवर धोंडिबा रात्रपाळीचा पहारेकरी होता. दिवसा त्याला झोप लागेना, आणि रात्री पहाऱ्यावर डुलकी लागली तर नोकरी जाणार होती. गोऱ्या साहेबाच्या मडमेने त्याला काढ्यासाठी कॅमोमाइलची, म्हणजे आपल्या बाबुन्याची, वाळलेली फुलं दिली. आठवड्याने त्याचे डोळे आणखीच लाल झाले. चौकशीला मडमेने मला त्याच्या घरी धाडलं.

"वहिनी, काढा कसा करता?"

"फुलं उकळते. मग गूळ, दूध आन् च्याची पूड."

"चहाची पूड कशाला?"

"नुसतं फुलांचं पानी गडीमाणसाला कसं द्यायचं, भाऊसाहेब?"

मी चहा बंद करायला सांगितलं. काही दिवसांनी धोंडिबा भेटला.

"आता लागते ना झोप?"

"न्हाई जी. च्या बिगर डोकं लय ठणकतंय, झोप कुटली?"

हे मडमेला कसं सांगावं, ते मला उमजेना. तेवढ्यात साहेबाने कंटाळून त्याला दिवसपाळी दिली. धोंडिबा रात्री घोरू लागला, आणि मडम मला म्हणाली, "पाहिलंत? फुलांना थोडा वेळ द्यावा लागतो."