टेम्पोतल्या कटर मशीनबाबत

मी धर्मराज गोपाळ शेलार, वय ५३ वर्षे, धंदा फर्निचरकाम, राहणार बुवापाडा, अंबरनाथ पश्चिम, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगतो की,

नाकाबंदीत अडवलेल्या टेम्पोतील कटर मशीन मी स्वतःच्या हाताने बनवलेले आहे. चौकट, टेबलाचा पत्रा, पाते वरखाली करायचा स्क्रू, बेल्टवरचे झाकण, सरळ कापायची गाईडपट्टी, सर्व माझे. वेल्डिंगही माझेच. फक्त मोटर, बेअरिंग आणि पाते विकतचे. हे काम मला कोणी शिकवलेले नाही. घरी केलेल्या वस्तूला बिल नसते, म्हणून टेम्पोत बिल मिळाले नाही.

सदर मशीन मी मांजर्ली, बदलापूर येथील सुतार कमळाकर याला आपखुशीने दिले. पुराचे पाणी शिरून त्याचे मशीन गेले होते. त्याने चोरी केलेली नाही. त्याला सकाळपासून इथे बसवून ठेवले आहे, तरी सोडावे.

मशीन का दिले, असे विचारल्यावरून सांगतो की, त्यावर प्लायचे आख्खे शीट कापायला दोन माणसे लागतात. मी अलीकडून ढकलायचो, माझी पत्नी अंजनी पलीकडून धरायची. चौदा वर्षे तिने धरले. गेल्या दिवाळीपासून तिचा उजवा खांदा वर जात नाही. मी ट्रॅक सॉ घेतला. शीट जमिनीवर थर्माकोलवर पसरायचे, वर ॲल्युमिनियमची पट्टी ठेवायची आणि पट्टीवरून कटर सरकवायचा. एकट्याने होते. कड अशी येते की रंधा मारावा लागत नाही. मोठ्या मशीनच्या जागी गाळ्यात आता खुर्ची आहे. अंजनी तिथे बसून चहा पिते आणि माझ्या चुका काढते. चुका नसतात.

हवालदार संतोष म्हणाले, "तीन हॉर्सपॉवरचं मशीन फुकट देतं का कोणी, काका?" मी म्हणालो, "त्यावर कालचं हळदकुंकू आहे. चोर पूजा करून नेतो का?" ते म्हणाले, "चोरच जास्त देवभोळे असतात. खूण सांगा."

मी सांगितले की, टेबलाच्या पत्र्याखाली, पात्याच्या डाव्या अंगाला, वेल्डिंगने 'अंजनी' असे लिहिलेले आहे. काम करणाऱ्याला ते दिसत नाही. टेम्पोत वाकून मोबाईलच्या उजेडात पाहिले असता तसे मिळून आले. कमळाकरला ते माहीत नव्हते. सोबत आलेल्या अंजनीलाही नव्हते. ती म्हणाली, "इतकी वर्षं मी वरून भुसा झाडतेय, आणि हे खाली?" याबाबत मला जास्त काही सांगायचे नाही.

त्यानंतर कमळाकरला मशीनसह जाऊ दिले.

हा जबाब मला वाचून दाखवला, तो मी सांगितल्याबरहुकूम आहे. फक्त त्यात 'जुने मशीन फुकट दिले' असे आले होते, त्यापुढे एवढे वाढवून घेतले आहे की, उल्हासनगरचा एक व्यापारी हेच मशीन रोखीने मागत होता. "मोटर मैं रखूँगा, बाकी काट के भंगार में," असे तो म्हणाला. मी नाही म्हणालो. देऊ केलेली रक्कम रुपये बेचाळीस हजार.