नवव्या कलमाची तालीम

(बेळगाव स्टेशन, फलाटावरचं बाकडं. दिल्लीची गाडी सव्वा तास उशिरा आहे. जांबोटीकडच्या एका गावाची माजी ग्रामपंचायत सदस्य अक्काताई आणि तिला गाडीत बसवून द्यायला आलेला तिचा नवरा मष्णू. दोघांच्या मधे पिशवी, पिशवीवर फाइल.)

मष्णू : न्हाय न्हाय, असं न्हवं. सभापतीनं इचारलं की आधी 'माननीय' म्हणायचं, मग बोलायचं. परत इचारतो. "श्रीमती गावकर, आपण ग्रामपंचायतीत किती वर्षं होता?"

अक्काताई : पाच वर्षं.

मष्णू : माननीय!

अक्काताई : माननीय पाच वर्षं.

मष्णू : अगं, चेष्टा करू नको. संसदेची समिती हाय ती. पंचवीस-तीस खासदार समोर बसलेलं असतील. तू काय बोललीस ते सगळं लिवून घेणार.

अक्काताई : तुमी बघून आलायसा काय?

मष्णू : सौम्यानं दावलं की मोबाईलवर.

अक्काताई : सौम्या वकिली शिकतीया. ती म्हणाली, आई, तू तुझ्यासारखं बोल, मराठीत बोल, दुभाष्या मिळणार हाय. तुमच्यासारखं बोल म्हणाली न्हाय.

मष्णू : पोरगी अजून कशी आली न्हाय?

अक्काताई : होस्टेलातनं निघालीया. ओळखपत्राच्या झेरॉक्स काढून येती म्हणाली. इचारा तुमी पुढचं.

मष्णू : हं. "तर श्रीमती गावकर. देशात आता मोठा बदल होतोय. उद्या विधानसभेत, लोकसभेत तिसरा हिस्सा बायका बसणार. त्यासाठी घटना दुरुस्त करायचं हे विधेयक आमच्याकडं तपासायला आलंय. त्यातल्या नवव्या कलमाला आपण हरकत घेतली. ती सांगा."

अक्काताई : कलम म्हणतंय, निवडून आलेल्या बाईच्या जागी दुसऱ्यानंच कारभार केला तर त्या बाईची जागा जाणार. आता कारभार केला कुणी? नवऱ्यानं, दिरानं न्हायतर सासऱ्यानं. आणि जागा गेली कुणाची? बाईची. त्यो आपला घरात हाय तिथंच हाय. अशानं एक बाई तोंड उघडायची न्हाय. म्हणून माझं म्हणणं, जी बाई आपणहून येऊन सांगती तिची जागा ऱ्हाऊ द्या. आणि तिच्या नावानं सही करणाऱ्याला धरा.

मष्णू : (फाइल उचलून मांडीवर घेतो.)

अक्काताई : काय झालं? चुकलं काय?

मष्णू : न्हाय. बरं बोललीस. लई बरं बोललीस.

अक्काताई : मग इचारा की.

मष्णू : "पण बाई, हे असं घडतं हे आपल्याला कशावरून ठाऊक?"

अक्काताई : आमच्याच पंचायतीत घडलंय.

मष्णू : "असं मोघम चालणार नाही. दाखला द्या."

अक्काताई : रुक्माबाईच्या वाडीचा साकव, ओढ्यावरनं पायी जायचा पूल.

मष्णू : त्यो कशाला काढतीस आता?

अक्काताई : सभापती असं बोलतोय व्हय?

मष्णू : सभापती ऱ्हाऊ दे बाजूला. आपण दिल्लीला धाडलेल्या निवेदनात साकवाचं न्हाय. सौम्यानं टाइप केलेलं मी वाचलंय.

अक्काताई : निवेदनात न्हाय, माझ्या डोसक्यात हाय. पावसाळ्याचं चार महिनं ओढ्याला पाणी असतंय. वाडीवरच्या पोरी शाळेला यायच्या बंद हुत्यात. साकव मंजूर झालता. मग ठराव फिरवला आणि देवळाजवळ सभागृह बांधलं. ठराव सगळा कानडीत. मला कानडी बोलता येती, वाचाय कुठं येती? पण खाली सही माझी.

मष्णू : त्या दिवशी तू भाताच्या लावणीला गेलतीस. पंचायतीचा सायब, पीडीओ, म्हणाला, आजच कागद पुढं पाठवायचा हाय, मेंबर.

अक्काताई : रुक्माबाई दारात आली. म्हणाली, आक्का, तूबी बाईच न्हवं गं? तूच सही केलीस? मी म्हटलं, मी न्हाय केली. ती म्हणाली, मग कुणी केली?

मष्णू : तू काय म्हणालीस?

अक्काताई : काय म्हणणार? गप बसले. त्या दिवसापास्नं ती माझ्याशी बोलत न्हाय. तीन वर्षं झाली.

मष्णू : मला बोलली न्हाईस कधी.

अक्काताई : बोलून काय करणार हुते? निवडून आले मी. मेंबर झालासा तुमी. मला गाव मेंबरीण म्हणायला लागलं. मेंबरणीनं मेंबराला काय बोलायचं?

मष्णू : ...पाणी पिणार?

अक्काताई : नको. फाइल द्या इकडं.

मष्णू : फाइल कशाला? सगळं पाठ हाय की तुला.

अक्काताई : साकवाचं कुठं घालायचं ते बघती. द्या.

मष्णू : सौम्या आली की बघा दोघी मिळून.

अक्काताई : अशी काय धरून बसलाय फाइल? कुणी पळवून नेणार हाय व्हय? सोडा.

मष्णू : आक्के...

अक्काताई : थांबा. पहिलं पान. दुसरं. हे शेवटचं. ही सही कुणी केली? ही वरची रेघ बघा. सरळ, लांबलचक. माझी रेघ कधी अशी येती? मला दर अक्षराला पेन उचलावा लागतोय. ही सही तुमची हाय.

मष्णू : खानापूरच्या पोस्टात गेलतो. पाकीट चिकटवायला घेतलं आणि बघितलं, शेवटच्या पानावर सहीच न्हाय. दोन प्रती, दोन्हीवर न्हाय. सौम्याला वाटलं तू केलीस, तुला वाटलं सौम्या सांगंल तवा करायची. निवेदन धाडायचा त्यो शेवटचा दिवस. गावाला येऊन परत जायचं म्हटलं तर बस कुठाय? खिशात पेन हुतं.

अक्काताई : आणि केलीसा.

मष्णू : हातानं केली गं. डोसक्यात काय आलंच न्हाय. पाच वर्षं त्याच हातानं करत आलतो. पावती हातात पडली तवा ध्यानात आलं, आपण काय करून बसलो.

अक्काताई : वरती लिवलंय, बाईच्या नावानं सही करणाऱ्याला धरा. आणि खाली तुमची सही, माझ्या नावानं.

मष्णू : हसू नको.

अक्काताई : हसू नको तर काय करू? रडू फलाटावर? लोकं बघत्यात.

मष्णू : दीड महिना मला धड झोप न्हाय. वाटायचं, दिल्लीत कोण बघतंय, हजारानं कागद येत असतील. तर तुलाच बोलावणं आलं.

अक्काताई : आता तिथं हजेरीला सही करावी लागणार.

मष्णू : त्याचाच इचार करतोय. हे बघ, एक करू. गाडीला अजून पाव तास हाय. मी तुला दावतो. वरची रेघ आधी मारायची, मग खाली अक्षरं अडकवायची. धा-वीस वेळा गिरवलीस की जमंल.

अक्काताई : म्हंजे माझी सही मी तुमच्यावरनं शिकायची?

मष्णू : ...तसं न्हवं.

अक्काताई : मग कसं?

मष्णू : तुझं नुकसान नको म्हणून गं. पहिल्यांदाच कुणीतरी तुला बोलावलंय. सहीवरनं माघारी पाठवलं तर?

अक्काताई : पाठवू देत. पण खोटी रेघ मारून मी आत जाणार न्हाय. एक इचारू? खरं सांगा.

मष्णू : इचार.

अक्काताई : फॉर्म भरायला तुमीच नेलंसा. तुमचे आप्पा नको म्हणत हुते, तुमी त्यांच्याशी भांडलासा. प्रचारात वाडीवाडीला माझ्यासंगं चाललासा. मारुतीच्या देवळात बोलताना माझी जीभ अडकली तर टाळ्या वाजवून सावरून घेतलंसा. इतकं केलंसा आणि निवडून आल्यावर मला घरात का बसवलंसा?

मष्णू : भ्या वाटलं.

अक्काताई : कशाचं? मी तुमच्यापेक्षा मोठी व्हईन म्हणून?

मष्णू : न्हाय गं. पहिल्या बैठकीला मी दाराबाहेर उभा हुतो. तू पीडीओला म्हणालीस, ह्या कागदावर काय लिवलंय ते आधी मराठीत वाचून सांगा, मग सही करती. तवा आतली सगळी हसली. त्यो हसण्याचा आवाज मला सोसला न्हाय. म्हटलं, माझ्या बायकोला हसत्यात. आता हिला पाठवायचीच न्हाय. मी जातो, मला हसू देत.

अक्काताई : पण तुमाला कोण हसलं न्हाय.

मष्णू : न्हाय. कारण मी वाचून दावा म्हटलंच न्हाय कधी. दावतील तिथं सही करत गेलो.

अक्काताई : त्या दिवशी मला हसले ते मीबी ऐकलंतं. घरी येऊन ठरवलं हुतं, पुढच्या बैठकीला परत इचारायचं. परत हसतील, परत इचारायचं. पीडीओ काय वाईट मनुष्य न्हवता. तिसऱ्या खेपेला तरी वाचून दावलं असतं.

मष्णू : आता कळतंय मला.

अक्काताई : मला तुमचा राग लई आला. पण तुमाला वाईट नाव नको म्हणून रुक्माबाईसमोर गप बसले. आता ह्या लोकांसमोरबी गप बसायचं असंल तर मी दिल्लीला जाऊन काय करू? सांगा. तुमी नको म्हणालासा तर आत्ता पिशवी उचलती. शेवटची बस मिळंल अजून.

मष्णू : त्यांच्या अहवालात सगळं छापून येतंय म्हणं.

अक्काताई : येतंय. सौम्या म्हणाली, कायम ऱ्हातंय ते.

मष्णू : खानापुरात कळंल. भावकीत कळंल.

अक्काताई : कळंल.

मष्णू : पिशवी खाली ठेव.

अक्काताई : नीट इचार करा.

मष्णू : केला. तू गेलीस की उद्या सकाळी मी वाडीवर जातो. रुक्माबाईला सांगतो, सही माझी हुती, आक्काला ठाऊकबी न्हवतं. शिव्या देईल, ऐकून घेतो.

अक्काताई : शिव्या देईलच. दम धरा. आणि येताना तिच्या पोरींची चौकशी करून या. थोरली घरातच बसलीया.

मष्णू : व्हय. बस आता नीट. पुढचं इचारतो. "श्रीमती गावकर, हे निवेदन कुणाचं?"

अक्काताई : माझं. एक एक शब्द माझा.

मष्णू : "आणि त्यावरची सही?"

अक्काताई : माझी न्हवं. हेच सांगायला मी इतक्या लांबनं आलीया. बाईच्या नावानं सही कशी हुती ते बघायला आमच्या गावाला यायची गरज न्हाय, तुमच्या टेबलावरच हाय. करणारा मनुष्य वाईट न्हवता. त्याला वाटलं, तो मला सांभाळतोय. नव्या कायद्यात ह्याचं काय करायचं ते तुमी ठरवा, पण त्यापायी बाईची जागा काढून घेऊ नका. अवो, डोळं पुसा. सभापती रडत नसतात.

मष्णू : धूळ हाय फलाटावर. "सही कुणी केली?"

अक्काताई : आमच्या मालकांनी.

मष्णू : "नाव सांगा."

अक्काताई : नाव?

मष्णू : नाव लागणार की. दुभाष्या काय सांगंल त्यास्नी, मालक म्हणून?

अक्काताई : सौम्या सांगंल.

मष्णू : साक्षीदार तू हाईस. सौम्या बाहेर बसणार.

अक्काताई : लगीन झाल्यापास्नं कधी घेतलं न्हाय हो. उखाण्यात घेतलं तेवढंच. तेबी बायकांनी दार अडवलं म्हणून.

मष्णू : ठाऊक हाय.

अक्काताई : आणि घ्यायचं ते असं? चुकीच्या कामात?

मष्णू : पाच वर्षं तुझं नाव मी वापरलं. एकदा तू माझं घे.

अक्काताई : ती बघा सौम्या आली. जिन्यावरनं उतरतीया. गाडीबी आली वाटतं.

मष्णू : येऊ दे. नाव सांग.

अक्काताई : मष्णू भावकू गावकर.

मष्णू : जरा मोठ्यानं. लिवून घेणाऱ्याला ऐकू जायला पायजे.