टीचर, याचे किती पॉइंट?

...नाही, पण मुलांनी अभ्यास करावा म्हणून अभ्यासाचाच खेळ करायचा, हे डोकं कोणाचं, तेवढं तरी कळू दे मला. आमची रुचिरा, म्हणजे माझी बायको, मुलुंडच्या एका शाळेत सातवीला गणित शिकवते, तुम्हाला सांगतो, एकवीस वर्षं शिकवतेय, एक खडू आणि एक आवाज, एवढ्यावर... आणि जूनमध्ये नव्या मुख्याध्यापिका आल्या, सपना मॅडम, त्यांनी मीटिंग घेतली आणि एकदम गोड आवाजात, 'रुचिरा मॅम, मुलांना मोटिव्हेशनच नाहीये ना, आपण ॲप आणतोय, दहा गणितांना दहा पॉइंट, शंका विचारली की पाच, आणि पहिला नंबर कोणाचा ते रोज वर्गात स्क्रीनवर झळकणार.' रुचिरा म्हणाली, बरं. मुख्याध्यापिकेसमोर दुसरं बोलणार काय?

झालं, पहिल्याच आठवड्यात वर्ग पेटला. शंकेला पाच पॉइंट म्हटल्यावर सत्तेचाळीस हात वर. 'टीचर, बेरीज म्हणजे काय?' 'टीचर, शून्याच्या आधी काय असतं?' एक तर उभा राहून म्हणतो, 'टीचर, मला शंकाच का येत नाहीत?' आता हीसुद्धा शंकाच की, द्या पाच. तास संपायचा, धडा आपला तिथेच. बोलणार काय?

पण तिला लागलं ते निधीचं. निधी म्हणजे तिसऱ्या बाकावरची, फारसं न बोलणारी मुलगी, दहा गणितं दिली की वीस सोडवून आणायची, वर वहीच्या मागच्या पानावर स्वतः बनवलेली दोन... आणि ॲप आल्यापासून बरोब्बर दहा. रुचिराने विचारलं, 'अगं, पुढची?' तर ती शांतपणे, 'टीचर, पॉइंट दहाचेच आहेत ना.' उद्धटपणा नाही, काही नाही, सरळ उत्तर. त्या दिवशी रुचिरा घरी आली ती पर्स खांद्यालाच ठेवून ओट्यापाशी उभी. 'तिला गणित आवडायचं रे. मी तिची आवड मोडली.' मी म्हटलं, तू नाही, ॲपने मोडली. तर म्हणते, 'पॉइंटचं बटण तर मीच दाबते ना.'

दुसऱ्या दिवशी गेली मॅडमकडे, सगळं सांगितलं. मॅडमनी ऐकलं, मान डोलावली, मोबाइल उचलला, 'व्हेरी गुड फीडबॅक, मॅम,' आणि हिच्या नावावर पंधरा पॉइंट टाकले. शिक्षकांचीही यादी असते म्हणे. तक्रार करायला गेली आणि चौथ्या नंबरवर येऊन परतली.

मग तिने काय केलं, एका चिठ्ठीवर स्वतःच्या हाताने कोडं लिहिलं, आठ गोळ्या, सात सारख्या, एक हलकी, तराजू फक्त दोनदा वापरायचा, हलकी शोधून दाखव... आणि मधल्या सुट्टीत निधीला दिलं.

'याचे किती पॉइंट, टीचर?'

'एकही नाही. वाटलं तर सोडव.'

सकाळी चिठ्ठी परत. पाठपोट तराजूची चित्रं, खाडाखोड, खाली उत्तर, अगदी बरोबर. रुचिराचे डोळे भरून आले हो. 'निधी, मला ठाऊक होतं.'

'टीचर, ते बाबांनी सोडवलं. मला पॉइंटवाला गृहपाठ होता ना. बाबा विचारतायत, अजून एखादं असेल तर देता का?'

दिलं तिने. रोज देते. तेव्हा सध्या, तुम्हाला सांगतो, सातवी 'ब'मध्ये गणितासाठी गणित करणारा असा एकच विद्यार्थी आहे तिच्याकडे... बेचाळीस वर्षांचा, गोरेगावला नोकरीला, आणि हजेरीपटात त्याचं नाव नाही.