पदरातली सुकडी

(१९७३चा उन्हाळा. वाशी गावाजवळ पाझर तलावाचं दुष्काळी काम, दुपारची सुट्टी; मजुरांना सुकडी, म्हणजे गुळाचा गोड भुगा, नुकतीच वाटली आहे. बाभळीच्या सावलीत मजूर बायांच्या लेकरांच्या झोळ्या बांधल्या आहेत. लेकरं राखायला बसलेली सिताबाई, आणि मातीची पाटी बाजूला टाकून तिच्यापाशी आलेली तिची सासू कस्तुराबाई.)

कस्तुराबाई : उघड तोंड. कुणी बगत न्हाय.

सिताबाई : आत्ता नगं, आत्या. मागनं खाते.

कस्तुराबाई : मागनं म्हंजी कवा? काल बी मागनंच म्हनलीस, अन् फडक्यात तशीच बांधून घरी आणलीस. ताजी सुकडी हाय. मुकादमाला गोड बोलून जास्तीची मागून आणली तुझ्यासाठी. वास तरी घे. कसा गुळाचा सुटलाय!

सिताबाई : वासानंच पोट भरायलंय माझं.

कस्तुराबाई : वासानं पोट भरलं असतं तर ह्या उन्हात माती वाहायला कोण आलं असतं गं? हातातल्या बांगड्या बग तुझ्या. दिवाळीला, दवाखान्यातनं आलीस तवा मनगटात व्हत्या. आता कोपरापतुर चढायल्यात. ती गजराबाई आज पाटी देता देता काय म्हनली, सांगू?

सिताबाई : नगा सांगू.

कस्तुराबाई : म्हनली, पोट कापून काढलेलं माणूस वरसाच्या आत वाळून जातं. तिच्या भावकीतलं कुणी गेलंय म्हनं असंच. म्या भरली पाटी तिच्या अंगावरच टाकणार व्हते. पण तवापासनं त्येच डोक्यात फिरायलंय. भ्या वाटायलंय मला, सिते. खरंच सांगते, लई भ्या वाटायलंय.

सिताबाई : सगळं पोट न्हाय काढलं, आत्या. जखम व्हती तेवढं निम्मं काढलंय.

कस्तुराबाई : अन् ऱ्हायलेल्या निम्म्यात तू काय घालतीस? दोन घास खाल्ले की हात आखडला. चिमणी बरी तुझ्यापरीस. आत जुळलं का न्हाय, कुणाला दिसतंय? ते काय न्हाय. ऐतवारी तुला सोनारीला न्यायची. भैरोबाच्या पायरीवर बसवते अन् म्हनते, देवा, म्हातारी माणसं ठेवून हिला का न्यायलास?

सिताबाई : असं काय बी बोलू नगा.

कस्तुराबाई : मग खा. तू खाल्लंस की म्या गप बसले.

सिताबाई : आणा. एवढीच. बास, बास.

कस्तुराबाई : आजून एक घास. हां. माझी शाणी बाय ती. आता वर घटाघटा पाणी पी, कोरडी बसती घशात. उद्या बी आणते बग. असंच महिनाभर खाल्लंस तर बांगड्या जागच्या जागी येतेत का न्हाय बग. गजराबाईलाच बोलावून दाखवते... सिते? कपाळ कसं भिजलं गं?

सिताबाई : ऊन हाय.

कस्तुराबाई : सावलीत बसून ऊन लागायलं व्हय?

सिताबाई : जरा आडवी होते. त्या झोळीला झोका द्या तेवढा, लेकरू उठंल.

कस्तुराबाई : लेकराचं ऱ्हाऊ दे! हात कसे थरथरायलेत तुझे! अन् छाती तर लुगड्यावरनं उडताना दिसायलीय. अगं माय, आता काय करू? थांब, उठू नगंस. गूळ हाय माझ्याकडं, गूळपाणी करते. अशक्तपणानं असंच होतंय. पोटात गोड गेलं की...

सिताबाई : नगं.

कस्तुराबाई : दोन घोट घे.

सिताबाई : नगं म्हनते ना, आत्या! त्येच्यानंच व्हतंय!

कस्तुराबाई : कशाच्यानं?

सिताबाई : गोडाच्यानं. गूळ खाल्ला की असंच व्हतंय. सुकडीनं बी.

कस्तुराबाई : म्या आणलेल्या सुकडीनं?

सिताबाई : झोळीला झोका द्या आदी, लेकरू उठायलंय.

कस्तुराबाई : बोल की. म्या आणलेल्या सुकडीनं? उत्तरेश्वर! आरं ए उत्तरेश्वर! टाक ती कुदळ अन् ये हिकडं! पळत ये!

उत्तरेश्वर : काय झालं, आय? सिता! पुन्ना झालं व्हय?

कस्तुराबाई : पुन्ना? म्हंजी तुला ठावं हाय.

उत्तरेश्वर : म्हंजी... तसं... ठावं म्हंजी...

कस्तुराबाई : बायकू तुझी पांढरीफट पडलीय अन् तू म्हंजी म्हंजी काय करायलास? ही म्हनती गोडानं असं व्हतंय. खरं हाय का?

उत्तरेश्वर : खरं हाय. डाक्टरनं सांगितलं व्हतं. दवाखान्यातनं निघताना मला बाजूला घेतलं अन् सांगितलं. गूळ, साखर, गोड काय बी द्यायचं न्हाय. पोट लहान झालंय, गोड आत थांबत न्हाय, सरळ खाली उतरतंय. मग घाम फुटतो, छाती धडधडती, डोळ्यापुढं अंधारी येती. जेवताना वर पाणी बी प्यायचं न्हाय.

कस्तुराबाई : पाणी बी? अन् म्या आत्ताच घटाघटा पाजलं! आणिक काय सांगितलं? सगळं बोल.

उत्तरेश्वर : थोडं थोडं खायाचं. चावून चावून. पण दिसातनं पाच-सा येळा. भूक लागायची वाट बघायची न्हाय. सकाळी उठल्या उठल्या भाकरीची एक कोर, मग थांबून आणिक एक...

कस्तुराबाई : अन् हे असं न्हाय खाल्लं तर?

उत्तरेश्वर : असं खाल्लं तर अंग धरंल म्हनला. न्हाईतर...

कस्तुराबाई : न्हाईतर काय?

उत्तरेश्वर : न्हाईतर वाळत जाईल म्हनला.

कस्तुराबाई : अन् तू दिवाळीपासनं हे पोटात ठेवून फिरायलास? मला का न्हाय सांगितलंस?

उत्तरेश्वर : कसं सांगू, आय? आपल्या घरात तू जेवून हात धुतल्याबिगर सिता ताटाला शिवत न्हाय. तुझ्या सासूनं तुला तसंच वळण लावलं, अन् तू हिला. अन् आता घरात हाय काय? सोसायटीतनं रेशनवर आणलेल्या लाल मिलो जवारीच्या चार भाकरी. त्यात तुझ्या आदी माझ्या बायकूनं खायाचं, दिसातनं सा येळा खायाचं, हे तुला कोणत्या तोंडानं सांगू? दोनदा आलं व्हतं व्हटापतुर. पण वाटलं, आय म्हनंल, लेक बायकूचा बैल झाला.

कस्तुराबाई : बैल झाला असतास तर बरं झालं असतं रं! बैल निदान ओझं तरी ओढतो. तू तर मुका बसलास.

सिताबाई : त्यास्नी नगा बोलू, आत्या. मला बी ठावं व्हतं.

कस्तुराबाई : व्हय की! आता तू सांग. तुला ठावं व्हतं तर गिळत का व्हतीस?

सिताबाई : तुमी त्या बांधावरनं उन्हात चालत यायच्या. पदराची गाठ सोडायच्या, अन् माझ्या तोंडाकडं बघत बसायच्या. माझी आय तर म्या लहान असतानाच गेली. असं कुणी माझ्यासाठी पदरात बांधून आणलं न्हवतं कधी. नगं म्हनायला जीभच उचलत न्हवती. वाटायचं, आज सोसंल.

कस्तुराबाई : अन् न्हाय सोसलं की?

सिताबाई : तुमी पाटी घेऊन गेल्या की झोळ्यांमागं आडवी व्हायची. थोड्या येळानं उतरतंय. आत्ता बी उतरायलंय बगा. घाम थांबला.

कस्तुराबाई : म्हंजी म्याच. भैरोबाला जाब इचारायला निघाले व्हते, अन् इख माझ्याच पदरात.

सिताबाई : तसं नगा म्हनू. तुमच्या पाया पडते, तसं नगा म्हनू.

उत्तरेश्वर : आय, रडू नगंस. बाया बघायल्यात.

कस्तुराबाई : बघू दे. गजराबाईला बी बोलव बघायला.

उत्तरेश्वर : एक इचारू, आय? रागावू नगंस. ही सुकडी कुठनं आणतीस तू?

कस्तुराबाई : कुठनं म्हंजी? मुकादमानं दिली. जास्तीची.

उत्तरेश्वर : ईरण्णा मुकादमाला म्या बी मागितली व्हती परवा. म्हनला, ज्येचा वाटा त्येला, वर चिमूटभर न्हाय. अन् आज सकाळी माझ्यावरच डाफरला. म्हनला, तुझी म्हातारी बांधावर चढता चढता पाटीसकट खाली बसली. घरी खायाला घालता का न्हाय तिला?

कस्तुराबाई : पाय घसरला माझा. ढेकळावरनं.

सिताबाई : आत्या.

कस्तुराबाई : काय?

सिताबाई : ही तुमच्या वाट्याची हाय?

कस्तुराबाई : मला न्हाय आवडत गोड.

सिताबाई : पंचमीला पुरणाची दिंडं करताना चुलीपुढनं कोण उठत न्हाय मग?

कस्तुराबाई : ते येगळं. अन् दात कुठं हायत माझे?

सिताबाई : सुकडीला दात लागत न्हाइत, आत्या. भुगाच असतो.

उत्तरेश्वर : अन् सिता, तुझा वाटा? तू तर रोज मला म्हनतीस, मला जास्त झाली, ही तुमी खावा.

सिताबाई : गोड चालत न्हाय तर कुणाला देऊ? तुमी कुदळ मारता.

कस्तुराबाई : म्हंजी बघ रं बाबा. दोघी बाया उपाशी, अन् घरात पोटभर जेवलास तू एकटाच. अन् गोड चालत न्हाय हे ठावं असून बी, ती का देती हे न्हाय इचारलंस. वर मलाच सुकडीचा हिशेब मागायलास!

उत्तरेश्वर : आय...

कस्तुराबाई : मान खाली घालून काय होतंय? फडक्यात भाकर हाय का?

उत्तरेश्वर : हाय. निम्मी. मिलोचीच.

कस्तुराबाई : चटणी नगं लावू. डब्याच्या तळाला सकाळची डाळ बसली असंल, तिच्यात बारीक कुस्कर. अजून बारीक. बाळाला देतेत तसं. सिते, जीव थाऱ्यावर आला का?

सिताबाई : आला. आता छाती गप हाय.

कस्तुराबाई : मग बस उठून. माझ्या पाठीला टेक. अन् खा.

सिताबाई : तुमच्या आदी?

कस्तुराबाई : माझ्या आदी.

सिताबाई : सगळ्या बाया बघायल्यात, आत्या. सासू उपाशी अन् सून खायलीय म्हनतील.

कस्तुराबाई : त्यांचं पोट कापलंय का? उत्तरेश्वर व्हायच्या येळला म्या बाळंतपणातनं उठले, तरी माझ्या सासूनं स्वता जेवल्याबिगर मला तुकडा दिला न्हाय. दारात बसून वास घ्यायची म्या. लई राग यायचा तिचा. अन् मग म्या बी तेच वळण धरून बसले, का तर मला तसंच शिकवलं म्हणून. आता मोडलं ते. आजपासनं तव्यावरली पयली कोर तुझी. तू उठशील तवा, बसशील तवा. मी इचारीन, खाल्लंस का म्हणून. अन् खोटं बोललीस तर बघ.

सिताबाई : मग माझं बी एक ऐकायचं. सुकडी तुमी खायाची. माझ्यासमोर. रोज.

कस्तुराबाई : खाईन.

सिताबाई : आत्ता.

कस्तुराबाई : आदी तू.

सिताबाई : आदी तुमी. पाटीसकट पडल्या व्हत्या ना सकाळी.

कस्तुराबाई : वळण बदललंय न्हवं आत्ताच? ह्या घरात आता सुनेनं खाल्ल्याबिगर सासू तोंडात घास घालत न्हाय.

उत्तरेश्वर : आय, शिट्टी झाली. मुकादम हिकडंच बघायलाय.

कस्तुराबाई : बघू दे. जा तू फुडं. त्येला म्हनावं, म्हातारी जेवायलीय. आज पयल्यांदाच जेवायलीय, म्हनावं... गेला. सिते, घातलास का घास?

सिताबाई : घातला.

कस्तुराबाई : धडधडत न्हाय ना?

सिताबाई : न्हाय. तुमी घ्या की आता.

कस्तुराबाई : गिळलास का आदी?

सिताबाई : चावायलेय, आत्या.

कस्तुराबाई : चाव. सावकाश चाव. म्या थांबते.